एसवायला मुंबई गाठावी का? सांगलीतलं एक प्रकरण

विद्यार्थिनी विश्रामबागची. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.कॉम., एफवाय नुकतंच संपलंय. दहावीला ९३.४०, बारावी कॉमर्सला ८७.१७, एफवायच्या दोन सत्रांचा सरासरी एसजीपीए ८.३, एटीकेटी एकही नाही. वडील मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी. तिला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय. सांगलीत राहून ते होणार नाही, एसवायलाच मुंबईचं कॉलेज गाठ, असं डोंबिवलीच्या मामांचं म्हणणं. वडिलांचा प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असा आहे: दोन वर्षं मुंबईत ठेवायला पाच-सहा लाख लागतील, त्यातून नेमकं काय पदरात पडतं?

प्रकरण नमुन्याचं आहे. गुण, घरखर्च आणि दुकानाचे आकडे हिशेब मांडता यावा म्हणून धरलेत. नियम, परीक्षा आणि पुढं येणारे दोन बँकांचे व्यवहार मात्र खरे आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो: एसवायला बदली करू नये. मुंबईला जावं लागेलच, पण दोन वर्षांनी आणि दुसऱ्या दारातून. आता का ते.

उसना सल्ला

'चांगल्या विद्यापीठात बदली घे' हा सल्ला मुळात अमेरिकेचा. तिथं बँका पदवीच्या विद्यार्थ्यांना थेट ॲनालिस्ट म्हणून घेतात, ठरावीक विद्यापीठांत जाऊन घेतात, आणि चार वर्षांच्या पदवीत तिसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप हाच नोकरीचा मुख्य रस्ता असतो. त्यामुळं कॉलेजचं नाव तिथं खरोखर जड असतं. पण त्या इंटर्नशिपची निवड एक वर्षाहून आधी, म्हणजे दुसऱ्या वर्षातच उरकायला लागलीय. तिसऱ्या वर्षाला बदली घेऊन पोचणाऱ्याला तिथंही पंगत उठल्यावर आल्यासारखं होतं.

आपल्याकडं पदवी तीन वर्षांची, त्यातलं एक संपलंय. आणि सौद्यांवर बसणाऱ्या टीममध्ये भरती मुख्यतः पदवीनंतरच्या टप्प्यावर होते. हा फरक लक्षात न घेता तिकडचा सल्ला इकडं लावला की पहिलीच पायरी चुकते.

एकाच पाटीखाली तीन दुकानं

'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' या शब्दाखाली आपल्याकडं तीन वेगळी कामं खपतात. तिला यातलं कुठलं हवंय हे आधी ठरलं पाहिजे, कारण तिन्हींची दारं वेगळी आहेत.

पहिलं काम म्हणजे कंपन्यांची विक्री, खरेदी, विलीनीकरण, आयपीओ, भांडवल उभारणी. हे मुंबईत चालतं: बीकेसी, नरिमन पॉइंट, लोअर परळ. परदेशी बँकांबरोबर कोटक महिंद्रा कॅपिटल, ॲक्सिस कॅपिटल, जेएम फायनान्शियल, एसबीआय कॅपिटल मार्केट्स, अव्हेंडस अशी देशी नावं इथं येतात. कायद्याच्या भाषेत यातल्या आयपीओच्या कामाला मर्चंट बँकर लागतो आणि त्याला सेबीच्या १९९२ च्या नियमावलीखाली नोंदणी करावी लागते. टीम छोट्या, जागा थोड्या.

दुसरं काम परदेशी बँकांच्या बेंगळुरू, मुंबई, पुणे, गुरुग्राम इथल्या केंद्रांतलं. लंडन-न्यूयॉर्कच्या टीमसाठी मूल्यांकनाचे तक्ते करायचे, कंपन्यांची माहिती गोळा करायची, सादरीकरणं बांधायची. काम पहिल्याच्या जवळचं, पण क्लायंट समोर नसतो.

तिसरं काम ऑपरेशन्सचं: व्यवहार झाल्यावरची सेटलमेंट, ताळमेळ, केवायसी. पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडी भागात या नोकऱ्या भरपूर आहेत. नोकरी म्हणून वाईट नाही, पगार वेळेवर होतो, सांगलीहून गेलेली कितीतरी मुलं तिथं स्थिरावलीत. फक्त तिचं नाव इन्व्हेस्टमेंट बँकिंग नाही. 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट' अशी जाहिरात दिसली की अभ्यासक्रमाचं पान उघडावं. ट्रेड लाइफ सायकल, रिकन्सिलिएशन, अँटी मनी लाँडरिंग हे शब्द सापडले की कोर्स तिसऱ्या दुकानाचा आहे. त्यासाठी विद्यापीठ बदलायची तर अजिबातच गरज नाही; साधारण गुण, बरं इंग्रजी आणि एक्सेल एवढ्यावर काम होतं.

तिला हवं होतं पहिलं. दुसरं चालेल म्हणाली.

दारं कुठं आहेत

पदवीवरूनच थेट बँकेत पोचवणारी कॉलेजं देशात मोजकी: दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि त्याच्या पंक्तीतली दोन-तीन, मुंबईत सेंट झेवियर्स, एनएमआयएमएस, शिवाय आयआयटी. तिथूनही मिळणाऱ्या जागा बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारच्या असतात. यांचा प्रवेश पहिल्या वर्षाला होतो. दिल्ली विद्यापीठासाठी २०२२ पासून सीयूईटी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनएमआयएमएससाठी त्यांची स्वतःची एनपॅट. दुसऱ्या वर्षाला बाजूच्या दारानं आत शिरायची वाट या पंगतीत जवळपास नाही. मामा ज्या कॉलेजात एसवायला जागा मिळेल म्हणतात ते या यादीतलं नाही. जिथं सहज जागा मिळते तिथं बँका सहसा येत नाहीत, आणि जिथं बँका येतात तिथली जागा एसवायला रिकामी होत नाही. सगळ्या प्रकरणाची मेख इथं आहे.

मग सीयूईटी देऊन पुन्हा एफवायपासून सुरू करावं का? नियमानं चालतं, बारावीनंतर खंड पडला तरी अडत नाही. पण तारखा मोजाव्यात. सीयूईटी मे-जूनच्या सुमारास होते. तिचा एफवायचा निकाल हातात आला तेव्हा त्या वर्षीची परीक्षा होऊन गेलेली. पुढची द्यायची म्हणजे एसवाय संपता संपता, आणि मग पुन्हा पहिलं वर्ष. एक नाही, दोन वर्षं जातात. एफवायला असतानाच ती परीक्षा दिली असती तर एकच वर्ष गेलं असतं आणि तेव्हा हा पर्याय गंभीरपणे तोलता आला असता. हे वाचणारा कुणी आत्ता एफवायला असेल आणि बारावीचे विषय अजून डोक्यात ताजे असतील, तर त्यानं हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

दुसरं दार एमबीएचं, आणि पहिल्या प्रकारच्या कामासाठी हेच सर्वांत रुंद. अहमदाबाद, बेंगळुरू, कलकत्ता, लखनौ इथल्या आयआयएम, दिल्लीचं एफएमएस, जमशेदपूरचं एक्सएलआरआय, मुंबईचं जमनालाल बजाज. कॅट ही आयआयएमची प्रवेश परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटाकडच्या रविवारी होते, दोन तास, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. बजाजची राज्य सीईटीवरची वाट महाराष्ट्राच्या उमेदवारासाठी मोलाची, कारण बहुतांश जागा राज्यातल्यांसाठी असतात. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीला गुण वजा नाहीत, म्हणजे खेळ वेगाचा.

इथं कॉलेजच्या नावाचं वजन किती? अहमदाबादच्या मुलाखतीसाठीच्या निवडीत कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव, मुलगी असणं यांना वजन मिळतं. पदवी कोल्हापूरच्या विद्यापीठाची की मुंबईच्या, याला त्या सूत्रात एकही गुण नाही. दहावी-बारावीचे गुण तर आता कुठंही गेलं तरी तेच राहणार. बदलू शकतो तो पदवीचा आकडा, आणि बदली घेतली की तो खाली यायची शक्यता जास्त. ते पुढं बघू.

एक गोष्ट मात्र मामांच्या बाजूनं. आयआयएममध्ये जूनच्या सुमारास वर्ग सुरू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उन्हाळी इंटर्नशिपची निवड होते. एवढ्या चार-पाच महिन्यांत नवीन काही सिद्ध करता येत नाही, म्हणून बँका जुना बायोडेटा चाळतात: सगळीकडचे गुण, सीए किंवा सीएफए (गुंतवणूक-विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा), आधीची इंटर्नशिप, स्पर्धा. श्रीराम कॉलेजचं नाव तिथं डोळ्यांत भरतं. मुंबईच्या मधल्या फळीतल्या कॉलेजचं नाव भरत नाही. त्या टेबलावर ते आणि सांगलीचं कॉलेज जवळपास सारखंच दिसतं.

तिसरं दार सीएचं. २०२३ च्या नव्या पद्धतीत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, तीनाऐवजी दोन वर्षांची झाली, आणि ती इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग घेता येतं. कॉमर्स पदवीधराला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी करता येते. मुंबईत दोन वर्षं काढायचीच असतील तर ती इथं काढावीत, मूल्यांकन किंवा ट्रान्झॅक्शनची कामं करणाऱ्या फर्ममध्ये. एसवायच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी नव्हे.

चौथं दार लहान आहे आणि कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज सुरू झाले, तेव्हापासून छोट्या कंपन्यांचे आयपीओ आणणारे मध्यम आणि लहान मर्चंट बँकर वाढले. नोंदणी असलेल्या मर्चंट बँकरांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर पत्ता आणि ईमेलसकट असते. या फर्म कॅम्पसला जात नाहीत, त्यांना उन्हाळ्यात ड्राफ्ट ऑफर डॉक्युमेंटची, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकाच्या मसुद्याची, आकडेतपासणी करायला हात लागतात, आणि कॉलेज कुठलं हे विचारण्याच्या त्या फारशा भानगडीत पडत नाहीत. चाळीस ईमेल गेले तर चार उत्तरं येतात, असं धरून चालावं.

बदलीचे कागद

तरीही बदली करायचीच म्हटलं, तर ती कशी होते आणि कुठं अडकते हे वडिलांसमोर मांडलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळं 'आता क्रेडिट कुठूनही कुठंही नेता येतात' असा समज झालाय. अर्धा खरा आहे. राज्यात तीन वर्षांच्या पदवीला १३२ पर्यंत क्रेडिट, वर्षाला ४४. तिची ४४ ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये जमा आहेत. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावेत ही अट, ती तिथं ८८ मिळवणार, म्हणजे तोही अडथळा नाही. पण क्रेडिट खात्यात असणं वेगळं आणि समोरच्या कॉलेजनं जागा देणं वेगळं. खात्यात पैसे आहेत म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेसला आरक्षण मिळत नाही, तसंच.

खरी अडचण विषयांच्या समकक्षतेची. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, भारतीय ज्ञानप्रणाली अशी खोकी सगळीकडं सारखी असली, तरी त्यांत भरलेले पेपर वेगळे. तिनं मायनर म्हणून घेतलेला विषय नव्या कॉलेजात नसला, तर पहिल्या वर्षाचे एक-दोन पेपर तिथं नव्यानं द्यावे लागतात. ते एसवायच्या पेपरांबरोबरच.

कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो चुकला की दोन्हीकडून जातं. आधी नव्या कॉलेजकडून एसवायला रिकामी जागा आहे हे लेखी घ्यावं. मग एफवायच्या गुणपत्रिका आणि कॉलेजच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम देऊन समकक्षतेचा निर्णय लेखी घ्यावा, कुठले पेपर जादा द्यावे लागतील त्या यादीसकट. तात्पुरता प्रवेश हातात आल्यावरच इथल्या कॉलेजातून टीसी काढावी, आणि मग शिवाजी विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट. अनेकजण उत्साहात आधी टीसी काढतात. टीसी निघाली की इथली जागा गेली. तिकडं 'बघू, पात्रता यायचीय' एवढंच उत्तर मिळालं तर ऑगस्टात मुलगी कुठंच नसते. मायग्रेशनची प्रत कुरियरनं न पाठवता स्वतः नेऊन पोच घ्यावी. पात्रता पक्की झाली नाही तर तिसऱ्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो, आणि राखीव निकाल घेऊन इंटर्नशिपला अर्ज करता येत नाही.

आता तारखा. एसवायच्या रिकाम्या जागा निकालानंतर कळतात. हे सगळं होऊन वर्गात बसायला ऑगस्टचा मध्य उजाडतो. तिसऱ्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे नवं शहर, नवी भाषा (वर्गातली आणि कट्ट्यावरची दोन्ही), लोकलचा प्रवास, जादा पेपर, ७५ टक्के हजेरी, आणि हाताशी दहा-बारा आठवडे. ८.३ चा ७.४ व्हायला एवढं पुरतं. पुढं एमबीएच्या अर्जात पदवीचे टक्के भरताना दोन विद्यापीठांच्या दोन श्रेणीपद्धती एकत्र कशा करायच्या हा गुंता वेगळाच. त्यासाठी नव्या विद्यापीठाकडून रूपांतराचं सूत्र लेखी आणि सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवावं लागतं, तेही मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

प्लेसमेंट सेलचं गणितही असंच. गुणांची मर्यादा, एकही बॅकलॉग नको, टीवायच्या सुरुवातीला नोंदणी. पण इन्व्हेस्टमेंट क्लब, स्पर्धांच्या टीम, सीनियरांच्या ओळखी हे सगळं एफवायला जुळलेलं असतं. कॉलेजच्या नावाचा खरा फायदा त्या ओळखींत असतो, आणि नेमका तोच उशिरा आलेल्याला मिळत नाही.

वडिलांचा तक्ता

खर्च असा धरला. पीजी १३,०००, जेवण ५,०००, प्रवास-फोन-सटरफटर ३,०००, म्हणजे महिना २१,०००. अकरा महिन्यांचे २,३१,०००. फी ४५,०००. वर्षाला २,७६,०००, दोन वर्षांचे ५,५२,०००, वर अनामत आणि कागदपत्रांचे ३०,०००. एकूण ५,८२,०००.

सांगलीत राहिली तर दोन वर्षांची फी २४,०००, कॅट आणि सीईटीची तयारी ५०,०००, दोन उन्हाळ्यांत दोन-दोन महिने मुंबई-पुण्यात इंटर्नशिपसाठी राहायचे ८४,०००. एकूण १,५८,०००. उरतात ४,२४,०००. ही रक्कम पुढं एमबीएच्या फीतला एक तुकडा भरते किंवा आर्टिकलशिपची मुंबईतली दोन वर्षं बऱ्यापैकी सोपी करते. सीएफएची लेव्हल वन पदवी पूर्ण व्हायला २३ महिने उरले की देता येते, म्हणजे ती जवळपास लगेच पात्र आहे. पण एका प्रयत्नाला लाखाच्या पुढंमागं जातात आणि तीनेकशे तासांचा अभ्यास लागतो. एसवायच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप आणि सीएफए यांतलं एकच होणार असेल तर इंटर्नशिप घ्यावी.

सांगलीत बसून काय करायचं

खरा प्रश्न हा होता, आणि तो घरात कुणी विचारलाच नव्हता.

बँकेच्या मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ताळेबंदाची पकड तपासतात. नेहमीचा प्रश्न: घसारा १० लाखांनी वाढला, करदर २५ टक्के, तिन्ही पत्रकांत काय होईल? उत्तर एका दमात यावं लागतं. करपूर्व नफा १० नं कमी, कर अडीचनं कमी, निव्वळ नफा साडेसातनं कमी. रोकडप्रवाहात घसारा परत मिळवला जातो, म्हणून रोकड अडीच लाखांनी वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० नं खाली, रोकड अडीचनं वर, म्हणजे एका बाजूला साडेसात घट. दुसऱ्या बाजूला राखीव निधी साडेसातनं कमी. जुळलं. पाठ करून येणारे 'रोकड का वाढली?' या उपप्रश्नाला अडकतात. खर्च कागदी आहे, पण कर वाचला तो खरा.

तिच्याकडं या अभ्यासासाठी मुंबईच्या मुलीकडं नसलेली एक गोष्ट आहे: वडिलांचं दुकान. ते अडते नाहीत, व्यापारी आहेत; हा फरक मुलाखतीत सांगण्यासारखा. अडत्या कमिशन घेतो, माल त्याचा नसतो. व्यापारी सौद्यात हळद घेतो, पॉलिश करतो, साठवतो आणि विकतो, म्हणजे भाव पडला तर मार त्याला बसतो आणि पैसा त्याचा अडकतो. त्यांचा नमुना हिशेब असा मांडला: वर्षाची विक्री १४.६० कोटी, मालाची किंमत १३.१४ कोटी, येणं १.२० कोटी, साठा २.१६ कोटी, देणं ३६ लाख. रोजची विक्री ४ लाख, म्हणून येणं ३० दिवसांचं. रोजची मालकिंमत ३.६० लाख, म्हणून साठा ६० दिवसांचा. शेतकऱ्याला पैसे लवकर द्यावे लागतात, देणं फक्त १० दिवसांचं. ३० अधिक ६० वजा १०, पैसा ८० दिवस अडकलेला. रक्कम ३ कोटी. साडेनऊ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २८.५० लाख. आता परगावच्या मसालेवाल्यानं पाच दिवस उशिरा पैसे दिले तर? ४ लाख गुणिले ५, आणखी २० लाख अडकले, व्याज १.९० लाख. मार्जिन १० टक्के असलेल्या धंद्यात हे १.९० लाख भरून काढायला १९ लाखांची जादा विक्री लागते. खेळतं भांडवल म्हणजे काय हे एवढ्यात कळतं, आणि ज्याला हे कळलं त्याला कुठल्याही कंपनीचा ताळेबंद अर्धा कळला.

व्यवहारांची उदाहरणंही दारातच आहेत. १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक २००७ च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली: सांगली बँकेच्या ९२५ शेअरांना आयसीआयसीआयचे १००, म्हणजे सव्वानऊला एक. त्याच्या सहा-सात महिने आधी, २००६ च्या ऑक्टोबरात, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयनं घेतली; तिथं भागधारकाला शेअरमागं २८ रुपये रोख मिळाले. दोन शेजारी जिल्हे, दोन बँका, एका वर्षाच्या आत दोन व्यवहार, आणि तऱ्हा पूर्ण वेगळी. साताऱ्याच्या बँकेच्या व्यवहारांवर सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून स्थगिती आली होती, आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली योजना आखली गेली. त्यात भागधारकांचं मत घेतलं जात नाही. सांगलीचा व्यवहार कलम ४४ए खाली, दोन्ही बँकांच्या भागधारकांच्या दोनतृतीयांश बहुमतानं, राजीखुशीचा.

तिला काम दिलं ते हे: दोन्हींची एक-एक पानाची टिपणं. सांगलीच्या भागधारकाला शेअर का आणि साताऱ्याच्याला रोख का? शेअर मिळालेल्यानं ते ठेवले असते तर पुढं काय, रोख मिळालेल्यानं काय गमावलं किंवा वाचवलं? घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं, ठेवी, शाखा की गावोगावचे खातेदार? जुन्या भागधारकांपैकी कुणी ना कुणी विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदाशिव पेठेत भेटतंच. त्यांच्या कपाटात तेव्हाची पत्रं असतात. परदेशी कंपन्यांची घोकलेली उदाहरणं सांगणाऱ्या रांगेत हे टिपण वेगळं उठून दिसतं.

आणि उन्हाळ्याआधीचं काम, दिवाळीच्या सुट्टीपासून: सांगली-मिरजेतल्या अशा सीए ऑफिसात बसायचं जिथं बँककर्जाचे प्रकल्प अहवाल होतात. तासगाव-मिरज पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहं भरपूर, प्रत्येकाच्या कर्जामागं सीएमए डेटा असतो: सात वर्षांचा नफातोटा, ताळेबंद, रोकडप्रवाह, खेळत्या भांडवलाची मर्यादा, डीएससीआर (धंद्याची कमाई कर्जाच्या हप्ता-व्याजाच्या किती पट आहे ते गुणोत्तर). बँकर ज्याला फायनान्शियल मॉडेल म्हणतो त्याचा हा गावाकडचा सख्खा भाऊ. ऑफिसात मात्र बऱ्याचदा जुन्या फाइलवर नवे आकडे चढवून अहवाल काढतात आणि त्यामुळं गृहीतकं कुठं दडलीत ते कळत नाही. तिनं कोऱ्या पानावर सुरू करावं. पहिल्या पानावर फक्त गृहीतकं: साठवणक्षमता, भाडं, वापराचे टक्के, वीजदर. बाकी सगळी पानं सूत्रांनी त्याला जोडलेली. मधेच कुठं हातानं आकडा टाकला की मॉडेल मेलं.

उदाहरण, आकडे लाखांत: निव्वळ नफा ४२, घसारा ३८, मुदतकर्जाचं व्याज ४०, बेरीज १२०. मुद्दलाचा हप्ता ४० आणि व्याज ४०, म्हणून भागिले ८०. डीएससीआर १.५०. विजेचं बिल १५ लाखांनी वाढलं, कर धरून नफा ११.२५ नं घटला, की १०८.७५ भागिले ८०, १.३६. बँकेचा मॅनेजर कुठल्या आकड्याला भुवया उंचावतो हे समोर बसून बघायला मिळतं. लोअर परळच्या इंटर्नला ते सहसा मिळत नाही.

हे झालं की जानेवारीत सेबीच्या यादीतून चाळीस ईमेल. दहा-दहाच्या चार गठ्ठ्यांत, मंगळवार-बुधवारी सकाळी, मजकूर आठ ओळींच्या आत, जोडीला एकच पीडीएफ: शीतगृहाचं मॉडेल, कर्जदाराचं नाव पुसून आणि सीएंची परवानगी घेऊन. बायोडेटात 'सीए फर्ममध्ये इंटर्न, अकाउंट्सची कामं' असं लिहू नये. लिहावं: 'बेदाणा शीतगृहाच्या मुदतकर्जासाठी सात वर्षांचं मॉडेल शून्यापासून बांधलं, वीजदर आणि साठवणवापर यांवर डीएससीआर किती हलतो ते तपासलं, बँकेच्या शंकांना आकड्यांनिशी लेखी उत्तरं तयार केली.'

बदलीचा विषय पुन्हा काढायची वेळ एकच: पुढच्या मेच्या अखेरीस हातात एकही इंटर्नशिप नसेल आणि कॅटच्या पहिल्या पाच मॉकमध्ये ८० पर्सेंटाइलही दिसत नसेल तर. तेव्हाही चर्चा विद्यापीठाची नसेल. सीए इंटरला बसायचं की पुण्यातली दुसऱ्या प्रकारची नोकरी धरून दोन वर्षांनी कॅट द्यायची, एवढाच प्रश्न उरेल. मामांना हे फोनवर सांगायचं काम वडिलांनी स्वतःकडं घेतलं.